बोट जोडताना रक्तवाहिनीला टाके घालावेच लागतात का?

केजचा शेतकरी

राम राम मंडळी. मी केज तालुक्यातला. दोन म्हशी, एक बैलजोडी, साडेतीन एकर. प्रश्न छोटा आहे, पण आधी घडलं ते सांगतो.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात आमचे अण्णा सकाळी साडेसहाला कडबाकुट्टीवर होते. लाईट जायच्या आत कुट्टी उरकायची म्हणून घाई. उसाचं ओलं वाढं रोलरात अडकलं, ते हातानं रेटायला गेले आणि स्वेटरची बाही आत ओढली गेली. उजव्या हाताचा अंगठा अन् शेजारचं बोट तुटून पडलं. अंगठा तिथंच पायाशी सापडला. बोट कुट्टीच्या ढिगात गेलं होतं, ते आईनं अर्ध्या तासानं हुडकून काढलं.

अंगठा बायकोनं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवी बर्फावर ठेवली, तिनं कुठंतरी वाचलं होतं. मागून चुलतभाऊ बोट घेऊन आला, ते मात्र रसवंतीवाल्याच्या बर्फात तसंच उघडं खुपसून आणलं. पहिल्या दवाखान्यात पट्टी अन् इंजेक्शन झालं, तिथनं दुसरीकडं, तिथनं तिसरीकडं. बोटं जोडणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. ऑपरेशन रात्री साडेअकराला संपलं.

अंगठा जगला. बोट मात्र दुसऱ्या दिवशी जांभळं झालं. सिस्टर दर तासाला त्याला सुई टोचून काळं रक्त काढायच्या, नंतर जळवाही लावल्या. पाचव्या दिवशी बोट काळं पडलं आणि काढून टाकावं लागलं.

डॉक्टरसाहेबांनी समजावून सांगितलं होतं, दुर्बिणीखाली एकेका रक्तवाहिनीला सात-आठ टाके घालावे लागतात, एका जोडाला अर्धा-पाऊण तास जातो. ते ऐकल्यापासनं माझ्या डोक्यातनं एक गोष्ट जायना झालीय. शेतात पीव्हीसी पाईप फुटला तर आम्ही काय शिवत बसतो का? कपलर घालतो, सोल्युशन लावतो, पाच मिनिटांत पाणी चालू. ठिबकच्या नळीला जॉइनर असतो. मग माणसाच्या रक्तवाहिनीला असलं काही कामून नाही? मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हणायले की गोंदानं जोडता येतं, बिनटाक्याचं. हे खरं हाय का? आणि खरं असंल तर आमच्या अण्णांचं बोट टाक्यांमुळं गेलं का, एवढंच सांगा. रात्री झोप लागत नाही.

प्लास्टिक सर्जन, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बोट टाक्यांमुळं गेलेलं नाही. आता निवांत वाचा.

अण्णांचा अंगठा जगला ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्ण तुटलेला अंगठा जोडून जगवण्याचं काम पहिल्यांदा जपानात नारा इथं १९६५ साली कोमात्सु आणि तामाई या सर्जनांनी केलं. त्याआधी असा अंगठा टाकून द्यावा लागायचा. मी एकोणीस वर्षं हेच काम करतोय. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, एमआयडीसीतला प्रेस, यांतलं काही ना काही आठवड्याला येतंच.

तुमचं पाईपाचं उदाहरण मला आवडलं. ते कुठं जुळतं आणि कुठं फसतं हे पाहिलं की सगळा विषय कळतो. पाणी पाईपाला ओळखत नाही, आत जॉइनर असो, सोल्युशनचा थेंब असो, ते वाहत राहतं. रक्त मात्र ओळखतं. रक्तवाहिनीच्या आत एक अगदी पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. तेवढ्या अस्तरालाच रक्त आपलं मानतं. धागा, धातू, गोंद, किंवा अस्तर सोलवटून उघडी पडलेली भिंत, यांतलं काहीही लागलं की रक्त तिथं चिकटून गोठायला लागतं. बोटाच्या रक्तवाहिनीची रुंदी एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. तिथं बाजरीच्या दाण्याएवढी गुठळीसुद्धा पुष्कळ झाली. आणि जोड बंद पडायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच पडतो. त्यानंतर अस्तर हळूहळू टाक्यांवरून सरकून जोड झाकून टाकतं.

म्हणून सव्वाशे वर्षं सर्जन एकाच गोष्टीमागं आहेत: दोन टोकं अशी जुळवायची की आतून अस्तराला अस्तर भिडावं आणि परकं काही रक्ताला दिसू नये. तुमच्या डोक्यात जे आलं ते १९०० साली पायर नावाच्या सर्जनच्या डोक्यात आलं होतं. त्यांनी मॅग्नेशियमची छोटी नळी घेतली, रक्तवाहिनीचं एक टोक तिच्यातून काढून बाही दुमडावी तसं बाहेर उलटवलं आणि दुसरं टोक त्यावर चढवलं. मॅग्नेशियम शरीरात विरघळून जातं, म्हणून तो धातू निवडला. कल्पना इतकी चांगली होती की आजची साधनंही त्याच वाटेनं जातात. पण लगेच १९०२ मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ शहरात अलेक्सी कॅरेल यांनी टाक्यांची रीत बसवली. गोल तोंडाला तीन ठिकाणी तीन टाके घालून ते ताणायचे म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो, मग एकेक सरळ बाजू शिवत जायची. समोरची भिंत चुकून सुईत येत नाही. त्यासाठी ते शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुईकाम शिकले. १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं ते या कामासाठी आणि अवयव-रोपणाच्या प्रयोगांसाठी. आम्ही आजही जे करतो त्याचा पाया तोच.

आता तुमच्या कपलरकडं येतो. नवल वाटेल, पण आमच्या साधनाचं नावही कपलरच आहे. १९६२ मध्ये जपानच्या नाकायामांनी पिना असलेल्या दोन कड्या केल्या, १९८६ मध्ये स्वीडनच्या ऑस्ट्रुप आणि बर्गग्रेन यांनी त्या सुधारल्या. प्लास्टिकच्या दोन इवल्या कड्या, प्रत्येकीवर पोलादाच्या सहा पिना. रक्तवाहिनीचं टोक कडीतून ओढायचं, बाहेर उलटवायचं आणि पिनांवर टोचून बसवायचं. दुसऱ्या टोकाचंही तसंच. मग मूठ फिरवली की दोन्ही कड्या एकमेकींत घट्ट बसतात. आत फक्त अस्तराला अस्तर, पिना आणि कडी सगळी बाहेर. तुमच्या ठिबकच्या जॉइनरच्या नेमकं उलट, कारण तो नळीच्या आत बसतो. हात बसला की पाच-सात मिनिटांत जोड होतो आणि कडीमुळं तोंड उघडं राहतं, चेपत नाही.

मी हे वापरतो. कुठं, तर गुटख्याच्या कॅन्सरमध्ये. जबडा काढावा लागला की पायाचं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून गालात बसवायचं आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायचं. आपल्या भागात हे ऑपरेशन किती वेळा करावं लागतं ते लिहायलाही जीव धजत नाही. तिशीतली पोरं येतात. तिथं शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, दोन-तीन मिलिमीटरची असते, मऊ असते, छान उलटते, कपलर उत्तम बसतो. धमनीचं, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिनीचं, तसं नाही. तिची भिंत जाड, ती उलटायला गेलं की परत आत वळते किंवा पिनांवर फाटते. म्हणून बहुतेक सर्जन शिरेला कपलर आणि धमनीला टाके असं करतात. मीही तसंच करतो. आणि सर्वांत लहान कपलर एक मिलिमीटरचा आहे. अण्णांच्या बोटाच्या पाठीवरच्या शिरा त्याहून बारीक असू शकतात, शिवाय वरची कातडी इतकी पातळ की कडी टोचत राहील.

गोंदाचं विचारलंत. जखमेवर लावायचा तो झटपट चिकटणारा गोंद पकडतो चांगला, पण तोंडातून एक थेंब आत ओघळला तर रक्तवाहिनी तिथंच बंद. शिवाय रिकामी रक्तवाहिनी चपटी होते, तिची तोंडं गोल धरून ठेवायला आत काहीतरी लागतं. इथं २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूनं एक सुंदर युक्ती केली, तुमच्या व्हिडिओत बहुधा तीच असावी. आपलं तूप थंडीत थिजतं आणि उन्हात पातळ होतं. त्यांनी वापरलेला पोलोक्झामर नावाचा पदार्थ उलटा वागतो: गार असताना पातळ, ऊब दिली की घट्ट. रक्तवाहिनीत तो भरायचा, दिव्यानं चाळीस अंशांच्या वर तापवायचा, तो घट्ट होऊन दोन्ही टोकं गोल धरतो. बाहेरून गोंद लावायचा. दिवा काढला की शरीराच्या उबेला येऊन तो पुन्हा पातळ होतो, रक्तात विरघळून वाहून जातो, मागं काही राहत नाही. हातानं शिवण्यापेक्षा पाचपट वेगानं काम झालं, एक मिलिमीटरहून लहान वाहिन्याही जुळल्या. पण ते उंदरांमध्ये. माणसाच्या बोटासाठी रोज वापरावं असं ते अजून माझ्या टेबलावर आलेलं नाही. लेझरनं भाजून चिकटवण्याचे प्रयोग १९७९ पासून चालू आहेत. सुरुवातीचे काही दिवस जोड कच्चा राहतो ही त्यातली अडचण.

आता अण्णांचं बोट. जांभळं झालं याचा अर्थ रक्त आत जात होतं, बाहेर येत नव्हतं. म्हणजे धमनीचा जोड चालू होता, शीर बंद पडली. सिस्टर टोचत होत्या आणि जळवा लावल्या त्या याचसाठी, शिरेचं काम तात्पुरतं बाहेरून करायला. चार दिवस त्या लोकांनी त्या बोटाची राखण केली, हे मी त्या खोलीत नसतानाही तुमच्या लिहिण्यावरून सांगू शकतो. कडबाकुट्टीत पातं कापतं, पण त्याआधी रोलर चेंगरतो आणि ओढतो. ओढलेल्या रक्तवाहिनीचं अस्तर तुटलेल्या टोकापासून आत लांबवर सोललेलं असतं, बाहेरून दिसत नाही. तिथं टाके घाला, कडी घाला, गोंद घाला, जोड पक्का होईल आणि रक्त शेजारीच गोठेल. आणि उघड्या बर्फानं तेच अस्तर गोठून मरतं. हे लिहिताना मला जड जातंय, पण विचारलंत म्हणून खरं सांगतो. चुलतभावाला मात्र एका शब्दानं बोलू नका. तो धावत बोट घेऊन आला. ओलं फडकं, कोरडी बंद पिशवी, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, एवढं वाक्य त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

दहा तासांच्या ऑपरेशनमध्ये हाडात तारा, स्नायूंच्या दोऱ्या, मज्जातंतू, असं पुष्कळ असतं. कपलरनं त्यात अर्धा-एक तास वाचला असता. रस्त्यात सात तास गेले. बोटात स्नायू नसतो म्हणून नीट गार ठेवलं तर ते बराच वेळ तग धरतं, नाहीतर अंगठाही हाती लागला नसता.

डायलिसिस टेक्निशियन, नांदेड

सरांनी इतकं लिहिलंय की भर घालायची गरज नाही, पण एक जागा राहिली. बिनटाक्याचा जोड आमच्या पेशंटसाठी फार कामाचा आहे.

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया-सिमिनो यांनी ही रीत १९६६ मध्ये मांडली, तेव्हापासून मनगटाजवळ चीर देऊन टाक्यांनीच जोडतात. २०१८ मध्ये अमेरिकेत दोन साधनांना मान्यता मिळाली, दोन्ही आतूनच काम करतात. एकात शिरेतून बारीक नळी सरकवतात, सुई शेजारच्या धमनीत घालतात, मग नळीचा जबडा दोन्ही भिंती एकमेकींवर दाबून उष्णतेनं चिकटवतो. दुसऱ्यात धमनीत एक नळी, शिरेत एक नळी, दोन्हींत लोहचुंबक. ती एकमेकींना ओढून भिडतात आणि विजेच्या ठिणगीसारख्या ऊर्जेनं मधे खिडकी पाडतात. टाका नाही, चीर नाही, मागं कडीसुद्धा राहत नाही.

हे तिथं जमतं कारण त्या दोन्ही वाहिन्या जिवंत, धडधाकट आणि आधीच शेजारी असतात. तुमच्या अण्णांच्या बोटाचं तसं नव्हतं, सर म्हणाले ते अगदी पटलं. तरी प्रत्येकाच्या हाताची ठेवण त्याला चालत नाही, आधी सोनोग्राफी बघावी लागते. आमच्याकडच्या सगळ्या फिस्टुला टाक्यांच्याच आहेत. सकाळी पेशंट आला की मी पहिल्यांदा बोटं ठेवून त्याची थरथर बघतो. मांजर गुरगुरल्यासारखी लागली पाहिजे. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर त्या हातावर बीपी बघू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, त्या हाताखाली डोकं ठेवून झोपू देऊ नका. अर्ध्या फिस्टुला अशाच बारीकसारीक गोष्टींत जातात असं मला रोज वाटतं.

पैठणहून, विणकर

मी डॉक्टर नाही, मागावर बसते. सरांनी ल्याँच्या त्या भरतकामवाल्या बाईंचं लिहिलं ते दोनदा वाचलं. आमच्याकडं जुना ताणा संपत आला की नवा ताणा त्याला एकेक धागा बोटांनी पिळून जोडतात, गाठ मारत नाहीत. गाठ फणीत अडकते आणि धागा तुटतो. हजारो धागे असतात, दिवसचे दिवस जातात. सर, एक विचारू का? इतकं बारीक शिवायला हात किती दिवसांनी बसतो? आणि दोरा कसला असतो?

प्लास्टिक सर्जन, छत्रपती संभाजीनगर

ताई, दोरा नायलॉनचा, डोक्याच्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक. टेबलावर पडला तर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. सुई दोऱ्यालाच जोडलेली येते. मी आधी रबराच्या तुकड्यावर शिकलो, मग कोंबडीच्या पायातल्या रक्तवाहिनीवर, मग उंदरावर. पहिलं वर्षभर हात थरथरायचा. सकाळी चहा घेतला तर जास्तच, म्हणून ऑपरेशनच्या दिवशी मी चहा अजूनही घेत नाही.

तुमच्या प्रश्नामुळं जे लिहायचं राहिलं होतं ते लिहितो. बिनटाक्याच्या जोडाची ओढ मला स्वतःसाठी नाही. मला टाके येतात. १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात गुडॉव नावाच्या अभियंत्यानं रक्तवाहिन्या जोडणारं स्टेपलर बनवलं. टाक्याला लागणारं वर्षांचं कसब यंत्रात भरलं तर किती ठिकाणी किती हात वाचतील, हा विचार मला त्यात दिसतो. वर्षभर हात बसवलेली माणसं आपल्या आठ जिल्ह्यांत किती असणार? तुपासारख्या त्या जेलचं किंवा कडीचं असं काही रूप निघालं, की जे नीट शिकलेला कुठलाही सर्जन अंबाजोगाईत, परभणीत, हिंगोलीत वापरू शकेल, तर सात तासांचे दोन होतील. खराब अस्तर ओळखून तेवढं कापून काढायला नजर लागेलच, ती यंत्रात येणार नाही. पण निम्मं ओझं हलकं होईल. यासाठी मी त्या संशोधनाकडं डोळे लावून बसलोय.

भाऊ, अण्णा तंबाखू खातात का? खात असतील तर आज बंद. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जोडलेल्या अंगठ्याला ते परवडणार नाही. आणि थंडीत अंगठा दुखेल, निळसर दिसेल. लोकरीचं काहीतरी घालून ठेवा, पहिली एक-दोन वर्षं हे राहतं.

केजचा शेतकरी

सर, चार वेळा वाचलं, मग आईला अन् चुलतभावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून गोठ्यात गेला. रात्री जेवायला आमच्याकडंच होता, बऱ्याच दिवसांनी.

तंबाखू खायचे, दवाखान्यात सुटली होती, घरी आल्यावर पुन्हा चालू झाली होती. डबी आईनं काल चुलीत घातली.

कडबाकुट्टीच्या तोंडाला फूटभर लांब पत्र्याचं नळकांडं बसवायला वेल्डरला सांगितलंय, हात रोलरपर्यंत पोचूच नये असं. गल्लीतल्या अजून तिघांनी त्यालाच गाठलंय. तुमचं ते ओल्या फडक्याचं अन् पिशवीचं वाक्य पोरीनं मोठ्या अक्षरात लिहून मोटारीच्या स्टार्टरपेटीवर चिकटवलंय.

अण्णा आता त्या अंगठ्यानं अन् मधल्या बोटानं कासरा धरायलेत. गाठ मात्र अजून बसत नाही. त्याला व्यायाम कुठला करायचा तेवढं सांगा सर.

प्लास्टिक सर्जन, छत्रपती संभाजीनगर

परातीत ज्वारी घ्या, कोमट करून. अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा, दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. त्या बोटांना अजून नीट कळत नाही, म्हणून चटका लागेल इतकी गरम नको, आधी तुमच्या हातानं बघा. महिन्यानं ज्वारीच्या जागी बाजरी. मग मला कळवा.